खात्री : कमी

चौथा दिवस. मे.
कूलरच्या टाकीत कुणीतरी बादली रिकामी करतं
आणि वाळ्याचा वास सतराव्या लॅपटॉपपर्यंत येतो.
बाहेर अंबाझरी रोडचं डांबर चपलेला धरतंय.
आत आम्ही एकवीस जण
तेरावं शतक कंसात बसवायला शिकतोय.

कंस टोकदार आहेत. उघडला की मिटायचा.
बोपचे सरांना हे अजून जमलेलं नाही.
तीस वर्षं ताम्रपट वाचले त्यांनी,
दान दिलेल्या गावांच्या चारी सीमा तोंडपाठ,
पण कोणता कंस उघडा राहिला ते सापडत नाही
आणि पडद्यावर लाल रेघांची रांग लागते.
"इतके शाप तर दानपत्राच्या शेवटीही नसतात जी,"
म्हणतात, आणि सांबारवडी खायला उठतात.

शिकवणारी तेजल उईके, सव्वीस वर्षांची, छिंदवाड्याकडची.
तिला सकळ लिपी येत नाही,
आम्हाला तिची.
तरी बरं चाललंय.

पोथी मठातून आलीय, बाबांसकट.
बासन त्यांनी मांडीवरून खाली ठेवलं नाही.
स्कॅनरचा उजेड पानावरून सरकला
तेव्हा दर वेळी त्यांनी डोळे मिटले,
पानाचे मिटता येत नाहीत म्हणून असेल.

मग दुपारी यंत्राने वाचायला घेतलं.
अक्षराला अक्षर लावत, अडखळत,
पहिलीतल्या पोरासारखं,
आणि एकोणिसाव्या पानावर चौथ्या ओळीत
स्वच्छ म्हणालं :
*तेणें पंथें न वचावें.*

मी मान हलवली. माझंच वाक्य.
म्हणजे त्यांचं, पण माझ्या प्रबंधातलं,
प्रकरण तिसरं, पंथापंथांतले तंटे,
झेरॉक्सवरून वाचलेलं, चौऱ्याण्णव साली.

"मॅडम, पाहा ना इकडे," तेजल म्हणाली
आणि बोटांनी पान फाकवलं.
चारशे टक्के.
अनुस्वाराला कडा होती. तपकिरी, कुरतडलेली.
आत शाई नव्हती. आत खोली होती.
"हे तर छेद आहे जी. मशीन चुकून राहिली."

कसर.
तीनशे वर्षांमागे कधीतरी
एक कसर पोटापुरतं खाऊन पुढे गेली
आणि वाटेचा पंथ झाला.

त्या वाटेने जाऊ नये. एवढंच.
पुढच्या ओळीत चिखल आहे.
तो मी रूपक म्हणून घेतला होता,
चिखलावर माझी अकरा पानं आहेत.

पंथ म्हणजे वाटही, जुन्या भाषेत चालतं ते,
असं म्हणून सुटता आलं असतं.
बोपचे सर वडी चावायचे थांबले होते.

"नाही गं," मी म्हटलं, "ती चुकली नाही.
शिकवायला तिला काय दिलं होतंस?"
तेजलने यादी वर सरकवली,
छापील पाठांची, संपादकांच्या नावांसकट.
सहावं नाव माझं.
मग दोघी काही वेळ काही बोललो नाही.
कूलरमध्ये पाणी संपलं की होतो तसा आवाज.

चौकट पुढे आली. भरल्याशिवाय हलत नाही ती.
वाचन : पथें.
वाचन करणार : मी माझं नाव पूर्ण लिहिलं,
वडिलांच्या नावासकट, पासपोर्टसारखं.
खात्री :
तिथे तीनच शब्द होते निवडायला.
चौऱ्याण्णव साली असं कुणी विचारलंच नव्हतं.

कंस मिटवला.

"आणि या छेदातून," तेजल म्हणाली,
"मागच्या पानावरचं अर्धं अक्षर दिसतंय.
त्याला कोणत्या पानावर टाकू?"
चौकटीत त्याला जागा नव्हती.
मी बाबांकडे पाहिलं.
त्यांनी बासनाची गाठ सोडली,
पान उलटलं,
आणि वाचायला लागले. मोठ्याने, आमच्याकडे न बघता.